निळी वाकळ आणि झुंबरआबांची खूण

वाकळ हरवल्याचं कळलं ते घटस्थापनेच्या सकाळी.

मानसिंगनं पहाटे उठून घर सारवलं होतं. बायकांनी सारवलं की जमिनीवर कमानी उमटतात. मानसिंगनं सारवल्यावर कुळव फिरवल्यासारखं दिसत होतं. पण सारवलं होतं, यात वाद नव्हता. जमीन वाळल्यावर त्यानं कालव्यावरून धुऊन आणलेल्या अंथरुणांचं गाठोडं सोडलं आणि एकेक वाकळ घडी घालून भिंतीशी रचायला घेतली. शेवटची घडी झाली तरी त्याच्या बायकोची, मनिषाची वाकळ आली नाही. त्यानं गाठोड्याचं फडकं झटकलं. एवढी मोठी वाकळ फडक्यात लपून बसणार नव्हती, तरी झटकलं.

"आबा, मनिषाची वाकळ कुठाय?"

ओट्यावर तंबाखू मळत बसलेले त्याचे वडील झुंबरआबा म्हणाले, "कुठली?"

"स्वराली पांघरती ती."

"आसंल की त्यातच. लाल हाय बघ."

"लाल न्हाय, हिरवी हाय."

"लाल हाय. मी काय आंधळा हाय का?"

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मानसिंगनं दिलं नाही. दारात त्याची सात वर्षांची लेक स्वराली दप्तर गळ्यात अडकवून शाळेला निघाली होती. ती हळूच म्हणाली, "निळी हाय. पिवळ्या काठाची." आणि पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरायला लागली.

पाच वर्षं ती वाकळ त्याच्या घरात होती. मनिषानं लग्नातल्या फाटलेल्या साड्या घालून ती शिवली होती, आणि त्याला तिचा रंगही धड सांगता आला नव्हता. मनिषा चैत्रात तापानं गेली. तेव्हापासून पोरगी त्या वाकळेचं टोक नाकाशी धरल्याशिवाय झोपत नव्हती. मधल्या दोन रात्री अंथरुणं ओली होती म्हणून सगळे घोंगड्यावर झोपले, आणि त्याच्या लक्षातच आलं नाही.

"सोने, तू काळजी करू नगंस," तो म्हणाला. "कालव्यावर कुणाच्यात तरी मिसळली आसंल. मी हुडकतो. आन घावली की पयली स्वच्छ धुतो, मगच तुला देतो."

स्वरालीचं तोंड एवढंसं झालं. ती शाळेकडं पळाली. बिचारीला रडू आवरलं नसेल, असं मानसिंगला वाटलं.

घट बसायच्या आधी घरातली सगळी धुणी काढायची, अंथरूण-पांघरूण कालव्यावर नेऊन धुवायचं, ही रीत पिंपळीत कुणी मोडत नाही. त्या दिवशी कालव्याच्या दोन्ही काठांवर वाकळा अशा पसरतात, की खालची माती दिसत नाही. आजवर हे काम मनिषाचं होतं. यंदा मानसिंग आणि झुंबरआबा गेले. आबांनी सगळं आयुष्य मेंढरांमागं घालवलेलं. कातरणीच्या आधी मेंढरं पाण्यात घालून धुतात तशा त्यांनी वाकळा धुतल्या. एकेकीला मानेला धरून बुडवली, "हुर्र, हुर्र" म्हणत काठावर ओढली आणि दोन्ही गुडघ्यांत दाबून पिळली. शेजारी धुणाऱ्या बाया हसून हसून पाण्यात पडायच्या बाकी राहिल्या. आता कळप विकून बरीच वर्षं झाली होती, मानसिंग भेंडी-वांगी पिकवून बारामतीच्या बाजारात नेत होता; पण आबांचा हात अजून मेंढरांतच होता.

तिसऱ्या माळेला शाळेतून निरोप आला, बाईंनी बोलावलंय. सुप्रियाबाई नवीन होत्या, बारामतीहून एसटीनं येत. बोलायच्या मऊ, पण मुद्द्यावर.

"मानसिंगराव, रागावू नका तिच्यावर. स्वराली वर्गात झोपते."

"झोपती?"

"बसल्या बसल्या. परिपाठ झाला की डुलक्या सुरू. आणि आई गेल्यापासून शाळेत ती एक शब्द बोललेली नाही. मी ओरडत नाही. लहान मुलाचं दुःख आपल्याला दिसत नाही, ते असं बाहेर येतं. घरी झोपत नाही का?"

"न्हाय बाई. नुसती कूस बदलती."

"मग असं करा. आईची एखादी वस्तू असेल ना, साडी, काहीही, ती झोपताना तिच्याजवळ द्या. मुलांना आधार वाटतो."

"बाई, तीच तर हारवलीया."

"मग शोधा," बाई म्हणाल्या. "काहीही करून शोधा."

वर्गाच्या दारातून त्याला स्वराली दिसली. पोरं आपापलं बसायचं पोतं घरून आणत आणि संध्याकाळी वर्गाच्या कोपऱ्यात रचून जात. स्वराली आपल्या पोत्यावर मांडी घालून बसली होती आणि मान छातीवर टेकवून गाढ झोपली होती. मानसिंग मनाशी म्हणाला, वाकळ पाताळात असली तरी आणीन.

घरी येऊन त्यानं हे आबांना सांगितलं, तर आबा खुशीत आले.

"आरं, त्यात काय हुडकायचं? मी खुणा केल्यात की!"

"कसल्या खुणा?"

"आपल्या कळपाची खूण. टिंब आन खाली आडवी रेघ. डांबराची. म्हनलं, एवढ्या लोकांच्या वाकळा, कुणाची कुणात जाईल. तू तिकडं जेवायला गेलतास ना बाभळीखाली, तवा केल्या."

मानसिंगनं भिंतीशी रचलेल्या वाकळा उलगडून पाहिल्या. एकीवरही खूण नव्हती.

"आबा, आपल्या वाकळांवर तर न्हाय."

"आसं कसं? बाभळीपासनं मोरीपर्यंत सगळ्यांवर केली."

"आपल्या बाभळीच्या अलीकडं हुत्या!"

आबांनी तंबाखू थुंकली. "मग त्या दुसऱ्यांच्या आसतील," ते शांतपणे म्हणाले.

म्हणजे अर्ध्या पिंपळीच्या वाकळांवर झुंबरआबांच्या मेंढरांची खूण पडली होती. धुणं वाळल्यावर बायांनी घाईघाईनं घड्या घालून नेलेलं; वर घट बसलेल्या घरांतून नऊ दिवस कुणी अंथरुणावर झोपत नाही. त्यामुळे अजून कुणाला पत्ता नव्हता.

मानसिंगच्या डोक्यात मात्र भलताच उजेड पडला. आबांना मोतीबिंदू असला तरी एखादी आपली वाकळ त्यांच्या हाताखाली सापडली असेलच, आणि मिसळलेली वाकळ त्याच ओळीत असणार. म्हणजे खूण असलेल्या वाकळा पाहायच्या, त्यात निळी मिळाली की झालं. तो उठला आणि पहिल्या घरी गेला. घर ठमाबाईचं.

"ठमाकाकू, जरा तुमच्या वाकळा बघायच्या हुत्या."

ठमाबाईचं वय साठीचं, कान तिखट आणि जीभ त्याहून. ती म्हणाली, "वाकळा? का रं बाबा?"

हरवलेली वाकळ शोधतोय म्हटलं तर चोरीचा आळ घेतल्यासारखं होईल, असं मानसिंगला वाटलं. म्हणून तो म्हणाला, "आसंच. शिवण बघायची हुती."

एवढं बोलून त्यानं आपल्या हातानं आपली वाट लावून घेतली.

ठमाबाईनं वाकळा दाखवल्या. त्यानं प्रत्येक उलटीपालटी केली, काठ पाहिले, एकीवर डांबराचं टिंब दिसलं तेव्हा मान डोलावली, आणि "हितं न्हाय" असं पुटपुटत पुढच्या घरी गेला. तो चार घरं फिरेपर्यंत ठमाबाई गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती.

"मानसिंग दुसरं लगीन करतोय!"

"कशावरनं गं?"

"घरोघर शिवण बघत फिरतोय. जिची शिवण बारीक तिला मागणी. आन झुंबरआबानं आदीच घरं निवडून ठिवल्यात. वाकळांवर त्याच्या मेंढरांची खूण केलीया! उकलून बघा आपापल्या!"

बायांनी आपापल्या वाकळा उकलल्या. आणि खरंच, टिंब आणि आडवी रेघ!

मग जे झालं ते कुणाच्या हातात राहिलं नाही. लग्नाची मुलगी असलेल्या घरांत खूण निघाली तिथं बाप मिशीला पीळ देऊन बसले, तर कुणी रागानं लाल झाले. "माझ्या पोरीला काय मेंढरू समजला का झुंबर?" गेणबा ओरडला. त्याच्या घरी लग्नाची मुलगी होती आणि दोन वाकळांवर खूण होती. शेजारच्या संभाजीच्या घरी मुलगी होती, पण खूण नव्हती. त्याच्या बायकोनं नवऱ्याला धारेवर धरलं, "आमच्यात काय खोट हाय म्हनून आमाला सोडलं?" सांजच्याला संभाजी स्वतः वाकळ खांद्यावर टाकून आबांकडं आला.

"आबा, येवढी चुकून ऱ्हायली वाटतं."

आबांना वाटलं, याला खूण आवडली. त्यांनी डांबराचा डबा काढला आणि करून दिली.

चौथ्या माळेपासून पिंपळीत घराघरांच्या कुंपणावर वाकळा वाळत पडल्या. ओल्या नव्हत्या, तरी वाळत पडल्या. शिवण बाहेरच्या अंगाला. ज्यांना लग्न नको होतं त्यांनी डांबर काढायला रॉकेल लावलं. डांबर निघालं नाही, पण गल्लीभर रॉकेलचा वास सुटला. मानसिंग सकाळी भेंडीच्या पाट्या लुनावर बांधून बारामतीला निघाला की दोन्ही बाजूंनी वाकळा आणि वाकळांमागून डोळे. त्याला वाटायचं, किती चांगली माणसं, मी शोधतोय म्हणून सगळ्यांनी आपापल्या वाकळा बाहेर काढून ठेवल्या. तो प्रत्येकीसमोर गाडी थांबवून वाकून बघायचा.

घरी मात्र पोरीची अवस्था वाईट. रात्री टक्क जागी, आणि दिवस उगवला की शाळेला सगळ्यांच्या आधी तयार. मानसिंग रोज सांगायचा, "आज अजून पाच घरं बघितली, सोने. घावंलच. घावली की सोडा घालून, कडक पाण्यात..." आणि स्वराली अजूनच आकसून जायची. जेवण अर्धं टाकायची. मानसिंगचा जीव तिळतिळ तुटायचा आणि तो दुसऱ्या दिवशी अजून दोन घरं जास्त फिरायचा.

सहाव्या माळेला इंदापूर तालुक्यातल्या कळसवरून एक टेम्पो येऊन त्याच्या दारात थांबला. टेम्पोतून रामहरी नावाचा धिप्पाड माणूस उतरला आणि मागून त्यानं वाकळांचा ढीग उतरवला.

"राम राम मानसिंगराव. तुमी शिवण बघताय म्हनून कळलं. ह्या आमच्या भनीच्या हातच्या. ही बघा, एका इंचात किती टाकं हायत मोजा. हत्ती झोपला तरी फाटायची न्हाय."

"पण मला तर निळी पायजे," मानसिंग म्हणाला.

"निळी बी शिवंल की! तुमी रंग सांगा, वरातीच्या आदी तयार."

"कसली वरात?"

तेव्हा कुठं मानसिंगला गावात काय चाललंय ते कळलं. तो ओट्यावर मटकन खाली बसला. आबांनी रामहरीला पाणी दिलं, आणि पाहुण्यांच्या ढिगावर डांबराची खूण करायची का, असं अदबीनं विचारलं.

मानसिंग तसाच उठून शाळेत गेला आणि बाईंना सगळं सांगितलं. बाई आधी तोंडावर पदर धरून हसल्या. मग त्यांचे डोळे चमकले.

"अहो, हे सोपं आहे! खुणेच्या सगळ्या वाकळा उद्या शाळेच्या पटांगणात आणायला सांगा. ज्यानं त्यानं आपली ओळखून घ्यायची. शेवटी जी राहील ती तुमची. आणि काय झालं ते सगळ्यांसमोर सांगून टाका, म्हणजे लग्नाचाही घोळ मिटेल."

सातव्या माळेला शाळेच्या पटांगणात जत्रा भरली. डोक्यावर वाकळा घेऊन बाया आल्या, बायांमागून बाप्ये आले, भांडायला गेणबा आला, बघायला ठमाबाई आली. रामहरी परत गेलाच नव्हता. तोही आपला ढीग घेऊन आला. पोरांच्या अंगात वारं शिरलं होतं. वाकळांच्या ढिगाऱ्यांत ती कोलांट्या मारत होती. एक स्वराली तेवढी वर्गाच्या दाराला धरून उभी होती, पांढरीफटक.

मानसिंगनं खाकरून सांगितलं, "मंडळी, मी लगीनबिगीन काय करत न्हाय. माझ्या पोरीची, तिच्या आयची वाकळ हारवलीया. तिला झोप येत न्हाय. येवढंच हाय."

ठमाबाई म्हणाली, "आरं मुडद्या, मग आदी का न्हाय सांगितलंस?" आणि तिनं डोळ्याला पदर लावला. त्या पदरालाही रॉकेलचा वास येत होता.

मग वाकळा ओळखायला सुरुवात झाली. बायांनी भराभरा आपापल्या उचलल्या. एकीवरून दोघींची जुंपली, ती बाईंनी सोडवली. ढीग कमी होत गेला. मानसिंग उरलेल्या मोजायला लागला. तीन राहिल्या. दोन राहिल्या. एक राहिली. ती लाल होती.

"म्हनलं नव्हतं? लाल हाय!" झुंबरआबा ओरडले.

"ती माझी हाय," गेणबा म्हणाला आणि त्यानं ती काखेत मारली.

पटांगण मोकळं झालं. मानसिंग मोकळ्या मातीकडं बघत उभा राहिला. आता शोधायला एकही घर उरलं नव्हतं. बाईंनी पोरांना हाक मारली, "पोरांनो, पाहुणे मघापासून उभे आहेत. त्यांना बसायला आपली पोती आणा बरं."

पोरं वर्गात घुसली आणि पोत्यांचा ढीग उचलून बाहेर आली. कळसचा पाहुणा मोठा, म्हणून त्याला त्यांनी ढिगातलं सगळ्यांत जाड पोतं दिलं. रामहरी त्यावर बसला. बसला तो चांगला वीतभर आत गेला.

"आयला!" तो खूश होऊन म्हणाला. "पिंपळीच्या शाळंत गाद्या कवापासनं आल्या?"

तेवढ्यात दारातून बाण सुटावा तशी स्वराली आली.

"उठा! उठा त्यावरनं! ती माझ्या आईची हाय!"

आवाज एवढा मोठा होता, की कुंपणावरचे कावळे उडाले. धिप्पाड रामहरी कोंबडीसारखा उडून बाजूला झाला. बाईंनी तोंडावर हात नेला. चैत्रापासून या शाळेनं त्या पोरीचा आवाज ऐकला नव्हता. स्वरालीनं पोत्याला मिठी मारली, आणि पोत्याच्या तोंडातून निळ्या कापडाचं एक टोक बाहेर आलं. त्याला पिवळा काठ होता.

मानसिंग गुडघ्यावर बसला. "सोने... ही हितं कशी आली?"

"मी आणली. तुमी धुणी काढली ना, त्याच दिवशी सकाळी. पोत्यात घालून."

"आन मग सांगितलं का न्हाईस? मी सगळं गाव पालथं घातलं!"

"तुमी धुवाल म्हनून!" ती हुंदके देत म्हणाली. "रोज म्हनत हुता, घावली की धुतो, सोडा घालतो. तुमी आईच्या साड्या धुतल्या, उशी धुतली, सगळं धुतलं. हिलाच ऱ्हायलाय वास."

"आगं, पण मी इचारत हुतो की तुला..."

"तुमी इचारलं कशी हाय. मी सांगितलं, निळी हाय. कुठं हाय ते कुणीच न्हाय इचारलं."

गेणबानं काखेतली लाल वाकळ खाली ठेवली. ठमाबाईनं पदर पुन्हा डोळ्याला लावला.

मानसिंगनं वाकळेचं टोक हातात घेतलं आणि नाकाशी नेलं. चुलीचा धूर, खोबरेल, आणि त्याखाली अजून काहीतरी. मग टोक परत तिच्या हातात देत तो म्हणाला, "न्हाय धुवत."

"शप्पथ?"

"तुझ्या आयची."

स्वरालीनं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. मग नाक पुसत म्हणाली, "रात्री तुमी पन एक टोक घ्या. लय मोठी हाय ती."

मागून झुंबरआबा डबा घेऊन पुढं आले. "बरं, घावली ते घावली. आता पुन्हा हारवाया नगं. येवढी खूण करून टाकतो..."

"न्हाय!" सगळी पिंपळी एका आवाजात ओरडली. कळसही ओरडलं.

त्या दिवशी रामहरी आपला ढीग घेऊन परत गेला. जाताना झुंबरआबांनी पाहुण्याचा मान म्हणून त्यातल्या एकीवर खूण केलीच. स्वरालीनं त्या रात्रीपासून घरी झोपायला सुरुवात केली आणि शाळेत बोलायला. दसऱ्यानंतर बाईंचा पुन्हा निरोप आला, म्हणून मानसिंग धास्तावून शाळेत गेला.

"काय झालं बाई? परत झोपती का?"

"नाही हो," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आता इतकी बोलते, की बाकीच्यांना झोप येते."

पुढच्या वर्षी घट बसायच्या आधी मानसिंगनं पुन्हा घर सारवलं, सगळी अंथरुणं कालव्यावर नेली आणि डांबराचा डबा कुलपात ठेवला. शिवण बघायला म्हणून कळसहून दोनदा बोलावणं आलं होतं, तो अजून गेलेला नाही. आणि निळी वाकळ तेवढी धुवायची राहिली आहे.